एकशे त्रेचाळीस हात

मालोजीरावांचं अक्षर बघायला माणसं थांबायची, खोटं नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवून पोट भरलं, पण मान मिळाला तो मराठी समाजाच्या हॉलबाहेरच्या काळ्या फळ्यामुळे. म्हैसूरच्या त्या गल्लीत नळाला पाणी कधी, कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, सगळं तेच लिहायचे. चाळीस वर्षं. माणूस गेल्याची बातमी असली की वाचणारा खाली खडूनं एक टिंब ठेवायचा. टिंब म्हणजे मी येतो. टिंब ठेवून घरी बसलेला माणूस त्या गल्लीत कुणी बघितला नाही.

गेल्या वर्षी हॉलला रंग दिला, फळा काढला आणि मोबाईलवर ग्रुप झाला. मालोजीरावांनी खडूचा डबा घरी आणून ठेवला. त्यांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी मात्र कमिटीवाल्यांना रस्त्यात गाठून शिव्या घातल्या.

त्याच रुक्मिणीबाई मंगळवारी पहाटे गेल्या. नातीनं, यशस्विनीनं, सात वाजता ग्रुपवर टाकलं. खाली एकेकाचं हात जोडल्याचं चित्र यायला लागलं. म्हातारा तिला चिकटून बसला, किती झाले, किती झाले. चाळीस, अज्जा. नव्वद. दहा वाजता एकशे त्रेचाळीस. म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. तुझ्या अज्जीला बघ किती माणसं, म्हणाला, आणि हॉलातनं दीडशे खुर्च्या आणायला लावल्या. हात म्हणजे नुसते हात, हे पोरीला माहीत होतं. पण त्याचं तोंड बघून तिला बोलवेना.

दुपार झाली. आली ती अकरा माणसं, शेजारचे नरसिंहमूर्ती धरून. बाकीच्यांच्या घरी त्या दिवशी काय आग लागली होती, देव जाणे. खुर्च्या उन्हात तापत पडल्या. टी. नरसीपूरहून आलेला रुक्मिणीबाईंचा भाऊ वेंकोबा दोनदा म्हणाला, ताईला उचलूया. मालोजीराव गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिले. "बर्तारे, येतील की. कबूल केलंय त्यांनी."

तीन वाजता वेंकोबा त्यांच्या पुढ्यात येऊन बसला. "दाजी, ताईला आता ठेवता येत नाही."

तेव्हा यशस्विनीनं सांगितलं. "अज्जा, कुणी येत नाही. हात टाकला की झालं त्यांचं."

"मग टाकला कशाला?"

शेवटी तिरडी उचलली. त्या अकरांत बायका-म्हातारेच जास्त, खांदा बदलायला पुरेशी माणसं नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा नवरा पुढं खांद्याला लागला आणि स्मशानापर्यंत त्यानं जागा सोडली नाही. नरसिंहमूर्ती दोनदा मधे आले, त्यांना कोपरानं बाजूला केलं.

घरी आल्यावर आंघोळ करून यशस्विनी फोन घेऊन बसली. ग्रुपमधून बाहेर पडते, म्हणाली, एकाचंही तोंड बघायचं नाही मला.

"राहू दे गं," मालोजीराव म्हणाले. "उद्या त्यांच्यातलं कोण गेलं तर मला कळायला पाहिजे. जायला नको?"