कोष कुणी मागितलेच नाहीत

माझी मावशी राग विसरत नाही. घरातल्या सगळ्यांना याचा धाक आहे आणि मला अभिमान. इतर लोक राग गिळतात आणि पुढे म्हातारपणी पित्ताच्या गोळ्या खात बसतात. मावशीने आपला राग बरणीत ठेवला, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं आणि त्याला वेळच्या वेळी ताजा पाला घातला.

बरणी म्हटलं ते उगाच नाही. मावशी कीटकांच्या संशोधन संस्थेत काम करते. पिकांवरच्या अळ्या आणायच्या, एका बरणीत एकच अळी ठेवायची, तिला खायला घालायचं आणि वाट बघायची. बहुतेक अळ्यांचे यथावकाश पतंग होतात. एखादी मात्र आतून पोखरलेली निघते. एका बारीकशा गांधीलमाशीने तिच्या अंगात आधीच अंडी घालून ठेवलेली असतात. तिची पिल्लं अळीला आतून खात वाढतात, आणि खाताना तिचा जीव शेवटपर्यंत राखतात, म्हणजे जेवण ताजं राहतं. मग ती बाहेर येऊन तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे कोष विणतात आणि काही दिवसांनी त्या कोषांतून नव्या माश्या निघतात. पिकांच्या शत्रूचा असा परस्पर काटा काढते म्हणून शेतकरी या माशीला जपतो.

मावशीने लग्न केलं नाही. आज्जी तिच्याकडेच असायची. आज्जीचे गुडघे गेले होते, पण डोळे आणि जीभ शाबूत होती, म्हणून घरी आणलेल्या बरण्यांचा पाला पुसून द्यायचं काम तिच्याकडे होतं. एकदा पाला बदलताना तीच म्हणाली, "अगं, ही माशी रोजच्यातली नाही. हिची कंबर केशरी आहे बघ."

मावशीने ती सूक्ष्मदर्शकाखाली घातली, कपाटातली पुस्तकं उपसली. तशी माशी जगात कुणी नोंदवलेली नव्हती. नव्या प्रजातीचं वर्णन जो छापतो, तो तिला नाव देतो. स्वतःचं नाव द्यायची रीत नाही, दुसऱ्या कुणाचंही चालतं. मावशीने आईचं द्यायचं ठरवलं आणि तसं आईला सांगूनही टाकलं. त्या दिवसापासून आज्जी आल्यागेल्याला "माझी माशी" ऐकवायला लागली.

संस्थेचे संचालक म्हणजे मावशीचे वर्गमित्र. दोघांची पदवी एकच, खुर्ची तेवढी वेगळी. आमच्या घरात त्यांचं नावच "खुर्ची" पडलं. मावशी त्यांना चारचौघांत सर म्हणायची, एरवी अरे-तुरे. "जरा नजर टाकून देतो," म्हणून खुर्चीने माश्या, चित्रं, मापं सगळं नेलं. नंतर शोधनिबंध आला तो त्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि माशीला नाव होतं त्यांच्या सासऱ्यांचं. या सासऱ्यांनी जन्मात कीटकांशी ठेवलेला संबंध म्हणजे हातात चप्पल घेऊन मागे धावणं, एवढाच. शेवटच्या ओळीत मावशीचे आभार होते. बरण्या धुण्याच्या कामी मदत केल्याबद्दल.

आज्जी अंथरुणाला खिळली तरी विचारत राहिली, "छापून आली का गं माझी माशी?" मावशी म्हणायची, "येईल हं." आज्जी गेली तीही ते ऐकतच. त्या दिवशी मावशी रडली नाही. मला म्हणाली, "याला मी सोडणार नाही." मीही म्हटलं, नकोच सोडूस.

मग बरीच वर्षं काहीच झालं नाही. मावशी बरण्या भरत राहिली आणि खुर्चीला टक्कल पडत गेलं. निवृत्ती जवळ आली तशी त्यांना जाता जाता काहीतरी मोठं करून दाखवायची घाई सुटली. नेमक्या त्याच सुमारास मावशीच्या एका बरणीतून काळ्याकुट्ट, चकचकीत, आखूड पंखांच्या माश्या निघाल्या. याही नव्या होत्या. खुर्चीने चिमट्याने माश्या उचलून नळीत घातल्या आणि म्हणाले, "वर्णन तू लिहून दे, बाकी मी बघतो. आणि ती बरणी धुऊन ठेव."

आता या कामातली एक साधी रीत सांगते. माशी ज्या कोषातून निघाली, तो रिकामा कोष तिच्याच टाचणीवर खाली चिकटवायचा असतो. विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. खुर्चीने माश्या नेल्या आणि कोष बरणीतच सोडले. मावशीने ते भिंगाखाली धरले. अळी खाणारी माशी कोषाचं टोक टोपणासारखं गोल कापून बाहेर पडते. या कोषांना कडेला वेडीवाकडी कुरतडलेली भोकं होती, आणि आत त्याच केशरी कंबरेच्या माशीचे उरलेसुरले तुकडे. म्हणजे या काळ्या माशीने अळीला तोंडही लावलं नव्हतं. अळी खाणाऱ्या माशीला तिने कोषात गाठून खाल्लं होतं.

मावशीने वर्णन लिहिलं. मिशांची पेरं, पंखांच्या शिरा, पायांवरचे केस, एकूणएक शब्द खरा. माशी जगते कशावर, हा भाग खुर्ची स्वतः लिहिणार होते. "त्याने एकदा जरी विचारलं ना, की कोष कुठायत, तर सांगून टाकीन," ती मला म्हणाली. रोज कामावर जाताना कोषांची डबी पर्समध्ये असायची. कुणी मागितलेच नाहीत.

निबंध आला. काळी माशी म्हणे अळ्यांचा कर्दनकाळ. ती खोक्यांनी वाढवून शेताशेतात सोडायची योजनाही जाहीर झाली. आणि नाव? खुर्चीने तिला मावशीचं आडनाव दिलं होतं. अंक तिच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "घे. आता तरी फिटलं ना?"

मावशी म्हणाली, "नाही."

निरोपाच्या समारंभाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत त्यांचे सासरेही होते, कडक इस्त्रीत. खुर्चीने भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या आणि मोठ्या मनाने मावशीला मंचावर बोलावलं. मावशीने डबी उघडली, नवी माशी दाखवायला मंचावर मांडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक कोष ठेवला आणि त्याचं चित्र मागच्या पडद्यावर आलं. ती सावकाश बोलली. ही माशी अळी खात नाही. अळी खाणाऱ्या माशीला खाते. सोडलीत तर अळ्यांचं फावेल. पाहुण्या शास्त्रज्ञांनी एकेक कोष फिरवून पाहिला आणि कुणीच खुर्चीकडे बघेना. योजना तिथेच बारगळली.

खुर्ची दबक्या आवाजात म्हणाले, "आधी सांगायचं होतंस."

"आधी विचारायचं होतंस."

आता लोक म्हणतात, बाईंनी शेतं वाचवली. मावशीला कुणी विचारलं तर ती स्वच्छ सांगते, शेतं वाचली हे बरंच झालं, पण मी केलं ते सूड म्हणून. मला ती त्यामुळेच आवडते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "तो निबंध तर गेलाच. तुझं नावही गेलं त्याच्याबरोबर."

"नाव कसं जाईल?" ती म्हणाली. एकदा छापलेलं नाव काढता येत नाही, बाकी मजकूर कितीही खोटा ठरो. ती माशी कायम मावशीच्याच आडनावाची राहणार. आणि ते आडनाव एकट्या मावशीचं थोडंच होतं? आज्जीचंही तेच.

मावशीने आज्जीच्या रिकाम्या खुर्चीत बसकण मारली, पाय वर घेतले आणि समोर कुणी बसलेलं असावं तसं मोठ्याने सांगितलं, "छापून आली गं आई, तुझी माशी. त्याच्या सासऱ्याला खाते."