मुलाखतीआधीची यादी

“पाचवं नाव घ्या, ताई,” पीए म्हणाले. मी टाईप केलं. सरकारी वकिलांच्या नेमणुकीची यादी पाचवर संपली. आमच्या मॅडमचं नाव त्यात नव्हतं.

मी नाशिकच्या कोर्टात एका वकील मॅडमकडे टायपिस्ट आहे. माझं गाव गडचिरोलीकडचं, शाळा नववीत सुटली. इथं ओळखीचं कुणी नव्हतं, तेव्हा मॅडमनी चेंबरमध्ये टेबल दिलं, टायपिंगही शिकवलं. त्या शुक्रवारी एका पुढाऱ्याच्या ऑफिसातून फोन आला. त्यांचा कॉम्प्युटर ऑपरेटर सुट्टीवर होता. मॅडम म्हणाल्या, “जा तासभर, चार माणसं ओळखीची होतात.”

सरकारी वकील म्हणजे खून-मारामारीच्या खटल्यात सरकारतर्फे आरोपीविरुद्ध उभा राहणारा वकील. आधी अर्ज, मग मुलाखत, मग नावं मुंबईला जातात, असं मला माहीत होतं. मॅडमचा अर्ज मीच टाईप केला होता. बावीस वर्षांची प्रॅक्टिस. मुलाखती सोमवारी होत्या.

“साहेब, मुलाखती व्हायच्यात ना अजून?” मी घाबरत विचारलं.

“होतील की. कोण नाही म्हणतंय?” मोबाईलमधून वर न बघता ते म्हणाले. “तीन प्रिंट काढा.”

मी प्रिंट काढल्या.

परतताना वाटलं, गप्प बसावं. यादी हिनंच टाईप केली म्हणून मॅडमनी काढून टाकलं तर जायचं कुठं? पण तोंड बघूनच मॅडमनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं.

“चौथा कोण म्हणालीस?”

मी पुन्हा नाव सांगितलं.

“त्यानं अजून एकही साक्षीदार तपासलेला नाही गं.”

“मग जाऊ नका मॅडम सोमवारी.”

“गेले नाही तर म्हणतील, बाई आल्याच नाहीत.”

सोमवारी मी फाईल धरून सोबत गेले. बाहेर बसलेल्या एका वकिलानं विचारलं, “मॅडम, तुमच्यासाठी कुणाचा फोन?”

“कुणाचाच नाही.”

“मग उन्हाचं कशाला आलात?”

काही महिन्यांनी ऑर्डर आली. तीच पाच नावं, त्याच क्रमानं. मी ती दोनदा वाचली. तोवर मला वाटत होतं, मुलाखतीनं काहीतरी बदलेल.

पुढच्याच आठवड्यात तो चौथा आमच्या चेंबरमध्ये आला. “मॅडम, सरतपासणीचे प्रश्न जरा काढून देता? अकराला साक्ष आहे.” सरतपासणी म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारून घटना कोर्टापुढे आणायची. साक्षीदार पेठकडची एक बाई होती. बांधावरच्या भांडणात तिचा नवरा मारला गेला होता. ती बाहेर पायरीवर बसली होती.

मला वाटलं, मॅडम त्याला दार दाखवतील. त्यांनी खुर्ची ओढली. “संगीता, घे. प्रश्न पहिला.”

तो कागद घेऊन गेल्यावर मी म्हणाले, “का दिलंत मॅडम?”

“नवरा तिचा गेलाय. त्याचा नाही.”

मी नववी शिकलेली, कायदा मला कळत नाही. एवढं कळलं, की काम ज्याला येतं त्याच्याच टेबलावर येतं. पाटी मात्र यादीप्रमाणे लागते.