मोगऱ्याचा वाफसा

आमच्या कॉलनीत नळाला सहाव्या-सातव्या दिवशी पाणी येतं. नळ खळखळला की ड्रममधलं, हंड्यांतलं कालपर्यंत जपलेलं पाणी त्याच क्षणी शिळं होतं. ते मोरीत ओतायला जीव होत नाही, म्हणून घरोघरी ते कुंड्यांना जातं. माझ्याकडेही जायचं. गॅलरीत सतरा कुंड्या आणि प्रत्येकीला अर्धी अर्धी बादली. शहरात पाण्याची बोंब आणि माझी जास्वंद चिखलात उभी. पानं पिवळी पडली की मला वाटायचं, बिचारीला तहान लागली; मग आणखी एक तांब्या. त्यातून खालच्या मजल्यावरच्या चाचींच्या पापडांवर थेंब पडायला लागले, तेव्हा मी कुंड्यांच्या बुडाची भोकं सिमेंट कालवून बुजवून टाकली होती. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी.

दादा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैठणजवळच्या गावाहून आमच्याकडे आले होते. आई जाऊन वर्ष झालेलं, मी एकुलती एक, शेत बटाईनं दिलेलं. त्यांनी आता कायमचं इथंच राहावं, एवढीच माझी इच्छा होती. पण ते महिनाभर पाहुण्यासारखे काळा चष्मा लावून खुर्चीच्या टोकाशी बसायचे. दुसरा चहासुद्धा मागायचे नाहीत. मी विषय काढला की एकच उत्तर. "लेकीच्या दारात बापानं किती दिवस बसावं, माय? थेंब संपले डोळ्याचे की मला बसमधी बसवून दे."

लेकीच्या घरात खोट काढायची नाही, हाही त्यांचा नियम. तो एका नळाच्या दिवशी मोडला. मी मोगऱ्यावर बादली उपडी करत होते आणि मागून आवाज आला.

"बास कर. लई झालं."

त्यांनी मातीत दोन पेरं बोट घातलं, बाहेर काढून वास घेतला आणि माझ्या नाकाशी धरलं. सडका वास. मग कुंडी आडवी करून बूड पाहिलं आणि सिमेंट दिसल्यावर माझ्याकडे असं पाहिलं, की काळ्या चष्म्यातूनही मला ते लागलं.

"पाणी नाय, पाणी नाय म्हणता तुम्ही, अन झाडं बुडवून मारता?"

"शिळं पाणी टाकू कुठं मग?"

"पाणी काय कालवण हाय शिळं व्हायला? ठिव ड्रमात झाकून. लागंल तसं दे."

त्या दिवशी माझ्या नवऱ्याला ड्रिल घेऊन बसवलं. सतरा भोकं मोकळी झाली. दादांनी मोगऱ्याच्या काळ्या पडलेल्या मुळ्या कापल्या, माती बदलली आणि मला शेतातला वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी ओल, कुंडीत शिकवला. मुठीत माती दाबायची. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर वाफसा. तेव्हाच पाणी द्यायचं. तेही हळूहळू, बुडातून पाझरेपर्यंत, आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. मग पुन्हा वाफसा येईपर्यंत तांब्याला हात लावायचा नाही. पंधरा दिवसांत मोगऱ्याला टाचणीच्या डोक्याएवढी पालवी फुटली. दादा सकाळी उठून आधी तिच्याकडे जायला लागले आणि दुसरा चहा मागायला लागले. मी मनातल्या मनात नाचत होते.

मग डॉक्टर म्हणाले, डोळा छान झालाय. घरी येताच दादांनी पिशवी भरली. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. दीड महिना माझ्या हातचं खाऊन माणूस असा जातो? मी गॅलरीत गेले आणि त्यांच्यादेखत मोगऱ्यावर भरलेली बादली ओतली.

त्यांनी ताटलीतून वाहणारं पाणी पाहिलं.

"मुद्दाम केलं न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. गावाकडचं बोलणं रागात आपोआप येतं.

"आता वाफसा येईस्तोवर थांबावं लागंल," ते म्हणाले आणि पिशवी कॉटखाली सरकवली.

आठवडाभर मी त्या कुंडीकडे फिरकले नाही. भीतीच वाटत होती. आठव्या दिवशी संध्याकाळी धीर करून मूठभर माती दाबली. गोळा झाला, बोट लावलं, फुटला. मी कोणाला काही बोलले नाही, वरण-भात केला, झोपले.

सकाळी पाहिलं तर मोगऱ्याची माती चिंब ओली होती. दादा खुर्चीत आरामात मागे टेकून चहा पीत होते.

"आणखी आठ दिवस तरी लागतील," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.