डावी कडी, उजवी कडी

रिस्तेनने यंदा मोटारीने समुद्राकडे जायचं, हे घरात परस्पर ठरून गेलं होतं. तिची पिशवीसुद्धा मोटारीत जाऊन बसली होती. तिला सांगायचं तेवढं राहिलं होतं. दर वसंतात रेनडिअरचा कळप पठारावरून किनाऱ्याकडे निघे आणि त्यामागे रिस्तेनची स्नोमोबाईल, बर्फावरची गाडी. नवरा गेल्यावरही तिने एक खेप चुकवली नव्हती. पण गेल्या वर्षी कंबरेने असा दगा दिला की तंबूतून रांगत बाहेर यावं लागलं. तेव्हापासून मुलीने, सुन्नाने, एकच धोशा लावला होता.

"आई, तू रस्त्याने ये. तुझी गाडी मी घेते, माझी खिळखिळी झालीय."

"रस्त्याने यायला मी काय सामान आहे?" असं म्हणून रिस्तेनने गाडी थेट धाकट्या भावाच्या दारात नेली.

हेइकाचं गावात गॅरेज होतं. कळपामागे थंडीत कुडकुडणं जमेना म्हणून त्याने तरुणपणीच हातात पाना घेतला होता. त्याने गाडीचं नाक ओंडक्यावर टेकवलं, दोन्ही स्कींवरचे गळके शॉकअॅब्सॉर्बर काढून बाहेरून मागवलेले दणकट बसवले, बोल्ट आवळले. मग बहिणीला सीटवर बसवून स्प्रिंगा किती दबतात ते पाहिलं आणि त्यांचा ताण कमीजास्त करणाऱ्या कड्या दोन्हीकडे सारख्या फिरवल्या.

"अक्का, आता झोप लागेल तुला गाडीवर."

मागोमाग आलेल्या सुन्नाने तिथेच अट घातली. "नदीपलीकडे कळपाला फेरी मारून ये. कंबर धरून उतरलीस तर मोटार. मग कुरकुर नाही."

रिस्तेन गेली आणि आली. उतरताना तिने कंबरेला हात लावला नाही, पण आवळलेले दात दोघांनाही दिसले. गाडी डावीकडे ओढत होती आणि प्रत्येक उंचवट्यावर डावी बाजू ठणकन आदळत होती.

"झालं समाधान?" सुन्नाने किल्लीसाठी हात पुढे केला.

हेइका स्कीकडे बघत राहिला. "अक्का, बसली होतीस कशी?"

"बसतंय कोण? बसलं तर मागच्या रेनडिअरची शेपटी तेवढी दिसते, कळप नाही. उजवा गुडघा सीटवर, डावा पाय खाली, सगळा भार त्याच्यावर. आपले आबा कसे जायचे, विसरलास?"

विसरलाच होता. "सहलीच्या पाहुण्यांना लावून देतो तशी लावली गं मी," तो पुटपुटला.

"पाहुणाच झालायस तू."

हे त्याला लागलं. बोलून गेल्यावर तिलाही लागलं, पण शब्द मागे घेण्याची या घराण्यात पद्धत नव्हती. हेइकाने तिला जाड कोट घालायला लावला, खांद्यावर फासाचा दोर दिला, तिच्या कुत्र्याला मागच्या पेटीत बसवलं आणि म्हणाला, "आता टेक गुडघा." डावी कडी चांगली आवळली, उजवी थोडी सैल केली. दुसऱ्या फेरीहून रिस्तेन आली ती सरळ उतरली आणि उतरल्या उतरल्या कॉफी मागितली.

"बघू तरी," म्हणत सुन्ना गाडीवर चढली. ती बापाच्या वळणाची, डावा गुडघा टेकणारी. पहिल्याच वळणावर गाडी उजवीकडे कलली आणि तिला घेऊन झुडपात शिरली. ती बाह्यांतलं बर्फ झटकत परत आली.

"मामा, ही सरळ करून दे! मी चालवायची कशी?"

"देतो की," हेइका म्हणाला. त्याने पाना फडक्याने सावकाश पुसला आणि खिशात घातला. "कळप समुद्राला पोचू दे."

रिस्तेनचे डोळे भरून आले. तिने ते लपवले नाहीत.

सुन्नाने दोघांकडे रागाने पाहिलं. मग मोटारीतून आईची पिशवी काढली आणि स्नोमोबाईलच्या मागे घट्ट बांधली.