बाईंनी पिकनिक बंद केली

बाई गेल्याचं मला शाळेच्या फाटकातच कळलं. मिरजेहून त्यांच्या भाच्याचा फोन ऑफिसात आला होता. बस लागलेली असतानाच क्लार्क येऊन म्हणाला, "शोभाताई, मोठ्या बाई गेल्या." मुलं उतरत होती, एकाची पाण्याची बाटली गळत होती. ती हातात धरून मी तशीच उभी राहिले. घरी जाऊन रडू म्हटलं, तर घरी गेल्यावर नुसती झोप आली. आता महिना होऊन गेला तरी अंगातला शीण काही जात नाही. माझी मुलगी शिल्पा म्हणाली, "आई, जस्ट राइट इट डाउन." माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहिणं गावाकडच्या पत्रापुरतं. तरी बसले आहे लिहायला. कुणाला दाखवायचं नाही.

मोठ्या बाई म्हणजे मालतीबाई, आमच्या प्रिन्सिपॉल. त्यांची शाळा तेव्हा दुबईत अल कुसैसला, शारजाच्या हद्दीजवळ एका व्हिलात भरायची. बाहेरून घर, आत शाळा. हॉलमध्ये पहिली, बेडरूममध्ये केजी, स्वयंपाकघरात बाईंचं ऑफिस. मी तिथे आया होते. आमचे हे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेजला होते. शाळेतली मुलं आमच्यासारख्यांचीच. मोठ्या शाळांची फी आम्हाला झेपणारी नव्हती. ही शाळा नसती तर बायकामुलांना गावी पाठवण्यावाचून इलाज नव्हता, आणि आमच्या गुहागरकडच्या कितीतरी बायका तशा परत गेल्याही होत्या. म्हणून बाईंच्या तोंडून कुणाला "नाही" निघत नसे. दोघांच्या बाकावर चौघं बसत.

शिक्षणाच्या मिनिस्ट्रीचा हिशेब मात्र खोलीच्या मापावर चाले. एवढ्या खोलीत एवढीच मुलं. वर्षातून एकदा त्यांच्या मॅडम तपासणीला येत. अरबीचा तास, पुस्तकं, संडास, नर्सची खोली, सगळं बघत. त्या दिवशी जास्तीची मुलं बसमध्ये भरून मी आणि ड्रायव्हर गुलखान पार्कात घेऊन जायचो. ही युक्ती शाळेच्या मालकांची. मुलांना वाटायचं, पिकनिक आहे. तपासणीची तारीख कळली की ती मला विचारून भंडावून सोडायची, "आंटी, मिनिस्ट्री कमिंग? कॅन वुई ब्रिंग चिप्स?" गुलखान बस सुरू करत म्हणायचा, "यल्ला खाला, सरकार आ रही है, भागो!" म्हणजे चल मावशी. मीही हसायची. बाई मात्र बस निघताना खिडकीपाशी यायच्या नाहीत.

एका वर्षी तपासणी मे महिन्यात आली आणि लांबली. बसचा एसी बंद पडला. पार्कात सावली कसली, खजुराची दोन झाडं. पहिलीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली, नाकातून रक्त आलं. आम्ही तिला परत आणलं तेव्हा मॅडम नुकत्याच गेल्या होत्या. टेबलावर चहाचे कप तसेच होते. बाईंनी त्या मुलीला मांडीवर घेतलं, ओल्या पदराने तिचं तोंड पुसलं आणि मालकांना म्हणाल्या, "खलास. पुन्हा एकही मूल बाहेर जाणार नाही."

"शाळा बंद पडेल, मॅडम," मालक म्हणाले.

"पडू दे. पोरगी गेली असती तर कुठली शाळा चालवणार होतात?"

मी भिंतीशी उभी होते. शिल्पा तेव्हा तिसरीत होती. शाळा बंद म्हणजे आम्ही दोघी गुहागरला आणि हे इथे एकटे. बाईंना ते ठाऊक होतं. मालक गेल्यावर मला म्हणाल्या, "तुला राग आलाय ना शोभा?" मी नुसती मान हलवली... हो म्हणायचं होतं की नाही, मलाच कळलं नाही.

पुढच्या वर्षी मॅडम आल्या तेव्हा सगळी मुलं आत होती, आणि बाईंनी वर्गांची दारं उघडी ठेवायला लावली होती. केजीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मॅडम दारातच थांबल्या. तेवढ्यात एक पोरगं उठून त्यांनाच विचारतं, "मॅडम, टुडे नो पिकनिक?"

"व्हॉट पिकनिक?"

सगळ्या टीचर खाली बघू लागल्या. बाईंनी मात्र सगळं सांगितलं. बस, पार्क, ती मुलगी, काही राहू दिलं नाही. मॅडम अंगावरचा काळा अबाया सावरत केजीच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. त्या इंग्रजीत बोलल्या ते बाईंनी मला नंतर मराठीत सांगितलं. "इतकी वर्षं तुम्ही ही मुलं माझ्यापासून लपवलीत. जी मुलं मला दिसलीच नाहीत, त्यांच्यासाठी मी जागा कुणाकडे मागणार होते?"

शाळा त्या दिवशी बंद झाली नाही. नवीन प्रवेश बंद झाले, जागा बदलायला मुदत मिळाली, आणि मॅडम महिन्याच्या महिन्याला येऊ लागल्या. त्या वर्षाने बाईंना पार थकवलं. सकाळी शाळा, दुपारी मिनिस्ट्री. तिथे "इन्शाल्ला, बुकरा" ऐकायचं, म्हणजे उद्या या, आणि उद्या पुन्हा जायचं. प्रवेशासाठी फाटकाशी आलेल्या बायकांना "नाही" म्हणायचं कामही त्यांनी दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. एकदा एक आई पोराला घेऊन रडतच परत गेली. तेव्हा बाई म्हणाल्या, "हिला कुठल्या तोंडाने सांगू, की मी आता खरं वागतेय?"

शेवटी मॅडमच्या खटपटीने एका सरकारी शाळेची इमारत दुपारच्या पाळीसाठी मिळाली. मोठे वर्ग, मोठं मैदान. पण तिथे कागद नव्याने तपासले गेले आणि बाईंकडे प्रिन्सिपॉलला लागणारं बी.एड. नसल्याचं निघालं. मिनिस्ट्री तीच, नियमही तिचाच. प्रिन्सिपॉल म्हणून दुसऱ्या बाई आल्या, आमच्या बाई सुपरवायझर झाल्या. मी चिडले तर म्हणाल्या, "अगं, नियम मुलांच्या बाजूने लागला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आता माझ्यावर आला म्हणून वाईट कसा?" बोलताना हसल्या, पण खुर्चीवरून उठताना टेबलाचा आधार घेतला. दोन वर्षांनी व्हिसा संपला तेव्हा मिरजेला निघून गेल्या. शिल्पा दहावी याच शाळेतून झाली. आम्ही इथेच राहिलो, तिघंही.

परवा तपासणी होती. मॅडम आता दुसऱ्या, तरुण आहेत. शाळा भरताना नवीन क्लार्क घाईने येऊन म्हणाला, "शोभाताई, एसी वाया जातोय, वर्गांची दारं लावून घ्या." मी म्हटलं, "आज नाही लावायची." त्याने का म्हणून विचारलं. मला एवढं बोलायची सवय नाही, तरी सांगितलं, की तपासणीच्या दिवशी दारं उघडी ठेवायची, ही मोठ्या बाईंची पद्धत. कोण मोठ्या बाई, ते त्याला माहीत नव्हतं. मी एकेक दार भिंतीपर्यंत उघडत गेले आणि खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, वाऱ्याने लागू नये म्हणून. आत सगळी मुलं बसलेली होती.