गेटवरची हाक

सेलूच्या स्टेशनवर आबांनी बॅग डब्यात ठेवली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "पोचल्यावर फोन कर माय." आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो, शेजारपाजारचेही म्हणतात. मला काही विशेष वाटलं नाही. मी पर्स सांभाळत बसले होते.

त्या दिवशी पुण्याला आले, त्याला अकरा वर्षं झाली. एका कंपनीत एचआरला आहे. आबा गेले, गावाकडच्या, वालूरच्या घराला कुलूप लागलं. ऑफिसच्या गेटवर आमच्याच जिल्ह्यातल्या चुडाव्याचे एक वॉचमन आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. माझं बोलणं ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी गाव विचारलं. तेव्हापासून रोज सकाळी, "आलीस का माय?" तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

तेच मामा किरणलाही माय म्हणाले. किरण आमच्या टीममध्ये. स्वतःला ना बाई म्हणवून घ्यायचं, ना पुरुष. लहानपणापासून नको त्या हाका ऐकून कान किटलेले, आता एक हाक मनासारखी मागितली तर काय बिघडलं? किरणची तक्रार आली आणि गेटवरच्या लोकांसाठी मराठीत सूचना लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. किरणचं मागणं स्वतःपुरतं होतं. पण कुणाला काय चालतं, हे कोण किती विचारत बसणार? जीव कंटाळला होता. मी सरसकट लिहून टाकलं: ताई, बाई, माय म्हणू नये, सगळ्यांना नावाने किंवा मॅडम-सर म्हणावे. खाली सही केली.

मामांनी सूचना ऐकून घेतली. दुसऱ्या दिवसापासून किरणला व्यवस्थित नावानं हाक. मला नुसता हात वर. आठ दिवस वाट पाहिली, मग गेटवर थांबले. म्हटलं, मामा, मला म्हणत जा की, माझी कुठं तक्रार हाय.

"न्हाई जमायचं मॅडम," ते म्हणाले. "तुमाला म्हणलं की दुसऱ्याला बी तोंडातून जातंय. या वयात नोकरी गेली तर मला कोण ठेवतंय?"

मी वर गेले, कॉम्प्युटर सुरू केला.

तुम्ही गावाकडचे फोनवर विचारता, इकडं आलेलेही विचारतात, घरी कधी जायचं. तिकडं कुलूप आहे, म्हणते. खरं सांगायचं तर माझं घर या गेटवरच होतं, रोज सकाळी घटकाभर. तेही मीच बंद केलं, कंपनीच्या लेटरहेडवर.