मधल्या टेबलावरचा रविवार

"चालायचं मिनिट सोडायचं न्हाय, मास्तर. एकवेळ पळायचं सोडलं तरी चालतंय," असं म्हणत आमचे गणिताचे सर डावं मनगट डोळ्यांपुढं धरायचे आणि पुढचं वाक्य अर्धवट टाकून पळत सुटायचे. त्यांच्याशी जे काय बोलायचं ते त्या चालायच्या मिनिटात उरकावं लागे. मिनिट संपलं की मी कॅम्पातल्या रस्त्यावर उभा, माझा प्रश्न तोंडातच, आणि सरांची पाठ पुढं पुढं चाललेली. तीन मिनिटांनी ते पुन्हा चालताना दिसायचे, पण तोवर मी चहाच्या टपरीत शिरलेला असायचो.

पन्नाशी उलटल्यावर नवे बूट आणून पळायला लागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पंधरा दिवसांत बूट कपाटावर जातात आणि महिन्याभरात धाकटा भाऊ ते घालून बाजारात जातो. सरांचे बूट कधी कपाटावर जातात याची मीही वाट पाहत होतो. खोटं कशाला बोलू, मनातून थोडी घाईही झाली होती, कारण बायको रोज त्यांचं उदाहरण देऊन माझ्या पोटाकडं बघायला लागली होती.

बेळगावातल्या एका मराठी शाळेत आम्ही एकवीस वर्षं बरोबर काढली. ते गणित शिकवायचे, मी मराठी. सर मूळचे निपाणीजवळच्या एका खेड्यातले. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली असताना त्यांना साखर निघाली. त्यांच्या थोरल्या भावाचा उजवा पाय याच साखरेनं घोट्यापासून काढावा लागला होता. दवाखान्यातून सर थेट स्टाफरूममध्ये आले, रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अण्णाचा पाय गेला. माझं दोन हायत तोवर वापरून घेतो."

पुढं शहरात बेचाळीस किलोमीटरची शर्यत व्हायची ठरली तेव्हा सरांनी नाव घातलं. त्यांची पद्धत एकच, तीन मिनिटं पळायचं आणि एक मिनिट चालायचं. दम लागलेला असो नसो, घड्याळ सांगेल तसं. आमचे पीटीचे सर हसून म्हणाले, "सर, ह्याला पळणं म्हणत न्हाईत. बस चुकलेला माणूस असा पळतो."

"व्हय की. पण माझी बस लई लांबची हाय," सर म्हणाले आणि वह्या तपासायला लागले.

अडचण होती ती रविवारची. लांब पल्ल्याचा सराव रविवारीच करावा लागतो आणि सरांचा रविवार आधीच त्यांच्या आईच्या नावावर होता. आईंना सगळी गल्ली आक्का म्हणायची. ऐंशीच्या पुढचं वय, किरकोळ अंगकाठी, आवाज मात्र खणखणीत. दर रविवारी सकाळी नऊला सर, वहिनी, त्यांची कॉलेजातली लेक आणि आक्का असे चौघं हॉटेलात नाश्त्याला जायचे. पाहुणे येवोत, परीक्षा असोत, हा नेम चुकत नसे. "सर, घरातला गॅस रविवारीच कसा हो संपतो?" असं मी एकदा विचारलं होतं. माझ्या मते विनोद बरा झाला होता.

सर हसले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. आक्कांनी तीस वर्षं निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडली. त्या काळी गावच्या हॉटेलात यांच्या लोकांना आत घेत नसत. चहा बाहेर उभं राहून प्यायचा, वेगळ्या ठेवलेल्या कपातून, आणि तो कप आपणच विसळून पालथा घालायचा. नोकरी लागल्यावर सर आईला घेऊन पहिल्यांदा बेळगावच्या हॉटेलात गेले. "कुठं बसायचं, आई?" असं त्यांनी विचारलं. आक्कांनी सगळं हॉटेल एकदा नजरेखालून घातलं आणि बोट दाखवलं. "त्या मधल्या टेबलावर. पंख्याच्या खाली."

तेव्हापासून दर रविवारी मधलं टेबल. याच शहरात मी वाढलो, याच हॉटेलांत खाऊन हे पोट कमावलं. कुठल्या टेबलावर बसायचं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्या दिवशी मला माझ्या विनोदाची लाज वाटली, आणि ती अजूनही पुरती गेलेली नाही.

आक्कांचा आणखी एक नेम होता. सर येऊन समोर बसल्याशिवाय त्या घास तोंडात घालत नसत. मी त्यावरही काही बोलणार होतो, पण आक्काच म्हणाल्या, "ह्यो ल्हान असताना मी वखारीतनं येईपतूर जेवायचा न्हाय. शेजारणी ताट घिऊन मागं लागायच्या. ह्यो आपला उंबऱ्यावर बसून. त्यानं माझी वाट बघितली न्हवं? आता मी बघती."

सरांनी मग दोन्ही डगरींवर हात ठेवायचा उपाय काढला. ते पहाटे घरातून पळत निघणार आणि पळणं संपेल तिथल्या हॉटेलात घरची मंडळी रिक्षानं पोचणार. आखीव कागदावर त्यांनी तक्ता केला. किलोमीटर वाढतील तसं हॉटेल लांबचं. आधी हिंडलगा, मग उचगाव, मग सांबऱ्याकडून वळसा घालून परत. रिक्षात एक जागा शिल्लक राहायची, तिथं मी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. सर घामानं निथळत यायचे, वहिनींनी आणलेला कोरडा शर्ट घालून मधल्या टेबलावर बसायचे आणि एक साधा डोसा मागवायचे. मी सेट डोसा संपवून वडा-सांबाराकडं वळलेला असायचो आणि त्यांनी टाच कशी टाकावी हे त्यांना समजावून सांगायचो.

मधलं टेबल रिकामं नसलं तर आक्का दुसरीकडं बसत नसत. त्या टेबलाच्या बाजूला हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. खाणारी माणसं भराभर आटपायची. साखर आक्कांनाही होती, गोळ्या चालू होत्या, पण रविवारी त्या शिरा सोडत नसत. वहिनी डोळे वटारायच्या. "आज रविवार हाय. साखरंला सुट्टी," आक्का म्हणायच्या.

असं पाच-सहा महिने छान चाललं. मग खानापूरचा रविवार आला.

सव्वीस किलोमीटर. सर साडेनऊपर्यंत येतो म्हणाले होते. आम्ही नऊलाच पोचलो आणि स्टँडजवळच्या हॉटेलात मधलं टेबल धरलं. आक्का रोजच्यासारखी आठ वाजता गोळी घेऊन निघाल्या होत्या. साडेनऊ झाले, दहा झाले. त्या दिवशी ऊन फार होतं. डोसा गार होऊन पापडासारखा वळला. वहिनी म्हणाल्या, "आत्ती, एक घास तरी घ्या. ते येतील."

"आला की खाती."

सव्वादहाला आक्कांचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम आला आणि बघता बघता त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. वहिनींनी साखरेची चिमूट त्यांच्या तोंडात धरली, मी पाणी आणलं, हॉटेलवाल्यानं पंखा जोरात सोडला. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. सर आले ते त्यानंतर, मनगटावरचं घड्याळ बघत, चालायचं मिनिट नीट चालत. दारातून त्यांना वहिनींच्या मांडीवर टेकलेली आई दिसली. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता यायचं नाही.

सोमवारी स्टाफरूममध्ये ते म्हणाले, "पळणं बंद. शर्यत पुढच्या वर्षी बी असंल, आई असंल असं न्हाय." मी मान डोलावली. मला खरंच तेच बरोबर वाटलं होतं.

दोन रविवार बूट दारात पडून राहिले. तिसऱ्या रविवारी आक्कांनी मला घरी बोलावून घेतलं. सर समोर बसलेले.

"मास्तर, ह्येला सांगा. थोरल्याचा पाय गेला. आता ह्यो बी माझ्यापायी घरात बसला तर मी कुणाकडं बगायचं?" मग त्या लेकाकडं वळल्या. "तू पळ. मी येळेवर खाती. मास्तर साक्षीला."

"खरं खाशील?"

"खाती म्हंटलं न्हवं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सर, माझी जबाबदारी." रिक्षातून येऊन खायचं काम मी इतके महिने चोख केलं होतं, खायला घालायचं काय अवघड आहे, असं मला वाटलं.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला सर सुटले. वहिनी आणि लेक लिंबू-मीठ घेऊन वाटेवर उभ्या होत्या. जिथं शर्यत संपायची त्या मैदानावर, मांडवात, आक्का आणि मी. आठ वाजता मी डबा उघडला. वहिनींनी उप्पीट दिलं होतं. आक्का म्हणाल्या, "आत्ताच नगं." साडेआठला म्हणाल्या, "दम खावा जरा." नऊ वाजता मला खानापूर आठवलं आणि मी डबा पुन्हा त्यांच्यापुढं धरला.

"आक्का, गोळी घेतलीय. खाल्लं नाही तर चक्कर येईल."

"गोळी घेतलीच न्हाय. घेतली की खावं लागतंय. खानापुरात शिकले की मी."

तीस वर्षं वर्गातली पोरं गप्प बसवली, पण या बाईपुढं माझी मात्रा चालेना. मी रागावलो, मग विनवणी केली, शेवटी सरांचं नाव काढलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा मांडीवर धरून रस्त्याकडं बघत बसल्या.

पावणेदहाला फोन वाजला. सर तीस किलोमीटरवर होते, चालायच्या मिनिटात. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, खाल्लंस?"

"खाल्लं रं. पोट भरलं. तू निवांत चाल."

"मास्तरांना दे."

आक्कांनी फोन माझ्याकडं दिला आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. सरांच्या धापा कानात येत होत्या. बारा किलोमीटर उरलेल्या माणसाला मी काय सांगणार होतो? "व्हय सर, खाल्लं त्यांनी," मी म्हणालो. फोन बंद झाला. आक्का म्हणाल्या, "ह्ये तुमच्या-माझ्यात, मास्तर."

सर बारापर्यंत येतील असा आमचा अंदाज होता. सव्वाअकरालाच ते मैदानाच्या वळणावर दिसले. चालत नव्हते, पळत होते. पळणं तरी कसलं, एक पाय ओढत, तोंड राखेसारखं झालेलं. त्यांच्या मागं फारसं कुणी उरलं नव्हतं. रेघ ओलांडल्यावर एक मुलगी पदक घेऊन पुढं आली, तिच्याकडं न बघता ते थेट मांडवात आले आणि आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले.

"डबा कुठं हाय?"

मला वाटलं, भूक लागली असेल. आक्कांनी डबा उघडला, गार उप्पिटाचा एक घास त्यांना दिला, एक आपण घेतला. लोक टाळ्या वाजवत होते आणि हे दोघं मान खाली घालून खात होते. वहिनी धावत आल्या तेव्हा डबा रिकामा झाला होता.

पुढं महिनाभर सर लंगडत होते. मी चिडवायचो, "सर, शेवटी चालायचं मिनिट सोडलंत वाटतं?" ते नुसते हसायचे आणि फळ्याकडं वळायचे.

त्या मार्चमध्ये सर रिटायर झाले आणि आक्कांना घेऊन निपाणीला राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. झोपेतच गेल्या. बौद्ध रीतीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी निपाणीला गेलो. वंदना झाली, चार माणसं बोलली, वखारीतल्या दोन म्हाताऱ्या बायका खूप रडल्या. मग पंगत बसली. सर स्वतः वाढत होते. पंगत उठल्यावर ते एका कडेला खांबाला टेकून उभे होते. मी जवळ गेलो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मला आता ठेववेना.

"सर, शर्यतीच्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. आक्कांनी काही खाल्लं नव्हतं."

"म्हाईत हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार?" सर म्हणाले. "मी ल्हान असताना घरात कधी कधी एकच भाकरी असायची. मी दिवसभर आईची वाट बघत बसलेला. ती यायची, भाकरी माझ्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, मी वखारीतच खाल्लं रं, पोट भरलं. तवा मला खरं वाटायचं. लई वर्सांनी कळलं की वखारीत खायला काय मिळतच न्हवतं. फोनवर तसंच बोलली ती. तोच आवाज, मास्तर. ती उपाशी हाय म्हटल्यावर चालायचं मिनिट काय चालवंना. बारा किलोमीटर पळतच आलो."

मी त्यांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं आणि समोर ताट मांडून भात वाढला. वहिनींनी आमटी वाढली. सरांनी भात कालवला, घास केला. तो हातात धरून ते दाराकडं बघत राहिले. आमटी गार झाली तरी घास हातातच होता.